आण्णांच्या बोटाचा गूळ

विजयसिंह इंगवले यांची जीभ तपासली जाणार, ही बातमी त्या दिवशी दूधवाल्याच्या आधी गल्लीभर पोचली, आणि ती पोचवणारे स्वतः विजयसिंह इंगवलेच होते. मंगळवार पेठेत त्यांना सगळे आण्णा म्हणतात. एस.टी.च्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. पेन्शन बेताची, गुडघे कुरकुरणारे, घरात त्यांचा शब्द कुणी फारसा मनावर घेत नाही. पण एका बाबतीत त्यांच्या तोडीचा माणूस पेठेत नव्हता. गल्लीतल्या तालमीच्या महाप्रसादाला जी हुग्गी शिजते, म्हणजे खपली गव्हाची गुळातली खीर, तिची पहिली चव घ्यायचा मान आण्णांचा.

मान म्हणजे नुसता मान नव्हे, तो एक सोहळाच असायचा. सगळी गल्ली काहिलीभोवती गोळा व्हायची. आण्णा पळीभर हुग्गी काढून फुंकर मारायचे, जिभेवर घ्यायचे आणि डोळे मिटायचे. हलगी थांबायची. कुणी शिंकलं तरी त्याच्याकडे रागानं बघितलं जायचं. मग आण्णा उजव्या हाताचं एक बोट वर करायचे. एक बोट म्हणजे अजून एक ढेप गूळ. आचारी सयाजी ढेप फोडून काहिलीत सोडायचा, ढवळायचा, की परत पळी, परत डोळे, परत बोट. असं बऱ्याच वेळा झालं, की आण्णा मूठ मिटायचे, हलगी कडकडायची आणि पंगत बसायची. पहिल्या पळीलाच मूठ मिटली, असं एकही वर्ष कुणाला आठवत नव्हतं.

त्या पंगतीची आणखी एक चाल होती. जेवायला येताना प्रत्येक घरची बाई तांब्याभर दूध घेऊन यायची आणि ते घरच्यांच्या पानातल्या हुग्गीवर ओतायची. कोल्हापुरात दुसऱ्या कुठल्या गल्लीत हे नव्हतं. पाहुण्यांनी विचारलं, की आण्णा खुर्ची पुढं ओढून सांगायचे, "पावणं, ही चाल संस्थानच्या काळापासनं हाय. तवा घरटी एक म्हस होती आमच्या गल्लीत." एका नव्या जावयाला तर त्यांनी ती चाल एका लढाईशी जोडून सांगितली होती. पुढं त्यांना तो तपशील आवडला, आणि लढाई दरवर्षी थोडी मोठी होत गेली.

तर आता जिभेची तपासणी. आण्णांची मुलगी वर्षाराणी कॉलेजात आहारशास्त्र शिकवते. कुणाच्या जिभेला गोड चटकन कळतं, कुणाच्या उशिरा, आणि त्याचा खाण्यापिण्याशी आणि रक्तातल्या साखरेशी काय संबंध असतो, याचा तिला अभ्यास करायचा होता. त्यासाठी तालमीच्या हॉलमध्ये तिनं गल्लीतल्या पन्नाशी उलटलेल्यांना बोलावलं. आण्णांना आनंदानं झोप लागेना. "मला पयला घे," ते म्हणाले, "म्हंजे बाकीच्यांना कळंल, वळखायचं म्हंजे काय असतंय."

रविवारी आण्णा इस्त्रीचा सदरा घालून, उपाशीपोटी, पण छाती काढून हॉलवर आले. मागं बायको मीनाबाई, आणि तिच्या मागं शेजारचे उदयसिंह. हे उदयसिंह तालमीचे खजिनदार. त्यांचा डोळा कैक वर्षं त्या पळीवर होता, आणि आण्णांना ते ठाऊक होतं, म्हणून आण्णांनी त्यांना मुद्दाम पुढच्या खुर्चीत बसवलं.

पहिली अडचण संमतीपत्राची. त्यावर 'सहभागी व्यक्ती' असं छापलं होतं. आण्णांनी ते खोडून वर 'परीक्षक' लिहिलं. वर्षाराणीनं दुसरं पत्र दिलं. आण्णांनी तेही खोडलं. शेवटी "आण्णा, कॉलेजात झेरॉक्सला पैसे पडतात," असं तिनं सांगितल्यावर त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला आणि त्यांनी निमूट सही केली.

टेबलावर कागदी कपांची रांग. पहिल्यात साधं पाणी, पुढच्यात किंचित साखर, मग जरा जास्त, असं चढत जाणारं. प्रत्येक कपातलं पाणी तोंडात घोळवायचं आणि गोड लागलं की सांगायचं, एवढंच. आण्णांनी पहिला कप घेतला, डोळे मिटले, मान हलवली. दुसरा. तिसरा. चौथ्याला त्यांनी सवयीनं बोट वर केलं, पण इथं ढेप टाकायला कोणी नव्हतं. सहाव्याला त्यांनी डोळे उघडले आणि कपात वाकून बघितलं. शेवटच्या कपाला ते म्हणाले, "हां. ह्यात काय तरी हाय. साखरच हाय असं मातर म्हणता येणार न्हाई."

वर्षाराणीनं वहीत काहीतरी लिहिलं.

"पाण्यात गडबड हाय," आण्णा म्हणाले. "हे थेट पाइपलाइनचं पाणी. माझी जीभ कळंब्याच्या तळ्याच्या पाण्यावर वाढलेली."

मग उदयसिंह बसले. त्यांना चौथ्या कपात कळलं, आणि ते त्यांनी कुस्ती मारल्यासारखं दंड थोपटून सांगितलं. मीनाबाईंना खरं तर बसायचंच नव्हतं, घरी कुकर लावायचा होता. त्यांनी दुसरा कप ओठाला लावला आणि लगेच खाली ठेवला. "गोड हाय की हे," त्या म्हणाल्या, आणि पिशवी उचलून घरी गेल्या.

आण्णांवर अजून एक प्रसंग यायचा होता. रक्त काढून झाल्यावर वर्षाराणीनं त्यांना ग्लुकोजचं पाणी दिलं. ते इतकं गोड असतं, की बाकीचे लोक तोंड वेडंवाकडं करून, लिंबू मागून मागून कसंबसं संपवत होते. आण्णांनी एका दमात ग्लास रिकामा केला आणि मिशा पुसत म्हणाले, "जरा फिक्कं झालंय, पर असू दे."

उदयसिंह हसता हसता खुर्चीतून खाली आले. त्यांना दोघांनी उचललं.

दोन दिवसांनी वर्षाराणीनं घरी येऊन बापाला समोर बसवलं. साखर काठावर होती. मधुमेह झालेला नव्हता, पण त्या वाटेवर माणूस बराच पुढं गेलेला होता. आणि जिभेला गोड फार उशिरा कळत होतं.

"म्हंजे माझी जीभ बिघडली म्हण की," आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की मीनाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"बिघडली नाही, आण्णा. प्रत्येकाची जीभ वेगळी असते. ज्याला गोड उशिरा कळतं, त्यातला एखादा मन भरेपर्यंत वाढवत जातो. दुसरा नाही वाढवत. नुसत्या जिभेनं साखर चढत नाही. पण तुम्ही चहात चार चमचे घालता, आणि रोज तेवढं गोड खाल्लं की जिभेला त्याचीच सवय पडते. कमी करून बघा. काही आठवड्यांत पुष्कळांना थोडंसुद्धा गोड लागायला लागतं."

आण्णांनी या सगळ्यातलं एकच वाक्य घेतलं: काही आठवड्यांत. महाप्रसादाला दीड महिना होता. त्यांचे डोळे चमकले. "म्हंजे जिभेला तालीम द्यायची! मग असं बोल की! पैलवान पडला म्हणून काय कुस्ती सोडतोय व्हय?"

पण त्याआधी तालमीच्या कमिटीनं घात केला. बैठकीत उदयसिंहांनी विषय मांडला, की काहिलीत गूळ सार्वजनिक वर्गणीतला असतो, सबब चव बघणाऱ्याच्या जिभेचं फिटनेस सर्टिफिकेट असावं. आण्णा आयुष्यभर कागदांवर जगलेले. सर्टिफिकेटला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी जीभ बाहेर काढायला लावून सांगितलं, की जीभ आहे, हलते आहे, एवढं लिहून देतो. दातांच्या डॉक्टरांनी दोन दाढा काढायचा सल्ला दिला. घरच्या डॉक्टरांनी "आजारी असल्याचं पाहिजे तेवढं देतो, बरं असल्याचं पॅडच नाही माझ्याकडं," असं सांगितलं. शेवटी कमिटीनं ठराव केला, की या वर्षी आण्णांना संधी द्यावी, पण हुग्गीत काही कमीजास्त झालं, तर पळी कायमची उदयसिंहांकडे जाईल. ठरावावर सूचक आणि अनुमोदक दोन्ही उदयसिंहच होते, हा मुद्दा आण्णांनी रीतसर लेखी उपस्थित केला आणि तो रीतसर फेटाळला गेला.

मग सुरू झाली जिभेची तालीम. आण्णांनी चहातली साखर एका झटक्यात बंद केली. पहिल्या दिवशी त्यांनी कप तोंडाला लावला आणि घरात कुणी गेल्यासारखे खिडकीबाहेर बघत बसले. श्रीखंड बंद, बाकरवडीबरोबरची बर्फी बंद, बसस्टँडसमोरचा उसाचा रस बंद. गल्लीतून जाताना ते गुऱ्हाळाच्या बाजूला मान वळवत नसत. सल्ला द्यायला तर सगळी पेठ मोकळीच होती. कुणी म्हणालं, जीभ तांब्याच्या पट्टीनं घासा. कुणी म्हणालं, मिठानं चोळा. एकानं सांगितलं, की जिभेला विश्रांती द्या, पंधरा दिवस अजिबात बोलू नका. एवढा एक सल्ला मीनाबाईंना मनापासून पटला.

आण्णांनी सगळे सल्ले एकाच वेळी अमलात आणले, बोलण्याचा सोडून. तीन आठवड्यांनी एका सकाळी ते ओरडतच स्वयंपाकघरात आले, "अगं, गाजर गोड असतंय! तुला म्हाईत हुतं?"

"मला म्हाईत हुतं," मीनाबाई म्हणाल्या.

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

महाप्रसादाचा दिवस उजाडला. आण्णा पहाटेच उठून फेटा बांधून बसले. उत्साह असा, की दोनदा बांधलेला फेटा तिसऱ्यांदा बांधायला सोडला. आणि तेवढ्यात गडहिंग्लजच्या पहिल्या एस.टी.नं चिमणाअक्का आल्या. या आण्णांच्या थोरल्या चुलत बहीण. तिकडं कर्नाटकच्या सीमेवर आयुष्य गेल्यामुळं धाकट्या भावाला त्या अजून 'तम्मा' म्हणून हाक मारतात. साखर काठावर आल्याचं त्यांना फोनवर कळलं होतं. त्यांनी पिशवीतून हिरव्या पाल्याची जुडी काढली.

"तम्मा, ह्यो पाला चावून खा. साखरंवर लई गुणाचा हाय. आमच्या गावात समदी खात्यात."

"किती खाऊ?"

"दोन-चार पानं."

आण्णांना वाटलं, आजचा दिवस मोठा, दोन-चार पानांनी काय होणार. त्यांनी मूठभर पाला तोंडात कोंबला आणि बैलासारखा रवंथ करत तालमीकडे निघाले. मीनाबाई केव्हाच तिकडं गेल्या होत्या, बायकांबरोबर नारळ खवायला.

तालमीच्या पटांगणात काहील रटरटत होती. वेलदोड्याचा वास पार रस्त्यापर्यंत आलेला. हलगी सुरू. आण्णांच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं हा वास असा कधी आला नव्हता. गुळाच्या पोत्यापाशी त्यांनी सहज म्हणून एक खडा उचलून तोंडात टाकला, जीभ कशी तयार झालीय ते बघायला.

तोंडात वाळू पडली.

आण्णांनी खडा थुंकून हातावर घेतला. गूळच होता. दुसरा घेतला. वाळू. त्यांनी सयाजीच्या डब्यातली साखर चिमूटभर घेतली. तीही वाळू. फेट्याच्या आत घाम फुटला. त्यांनी गर्दीतून वर्षाराणीला बाजूला ओढलं आणि खिशातलं उरलेलं पान दाखवलं.

तिनं पान बघून कपाळाला हात लावला. "आण्णा, हा गुडमार आहे! हा चावला, की काही वेळ जिभेला गोड कळतच नाही. नावातच आहे की, गूळ मारणारा!"

"किती येळ?"

"अर्धा-पाऊण तास तरी."

"आणि पळी?"

"पळी आत्ता, आण्णा. सगळे थांबलेत."

खरंच सगळे थांबले होते. हलगी बंद झाली होती. उदयसिंह काहिलीच्या कडेला हात पुढं बांधून उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा सात्त्विक भाव होता, की आण्णांना तो बघवेना. सयाजीनं पळी पुढं केली.

आण्णांनी फुंकर मारली, जिभेवर घेतली, डोळे मिटले. गरम. मऊ. गव्हाचा कण लागला, खोबरं लागलं, गोड मात्र नावाला नाही. आता काय करायचं? बोट वर केलं, तर गूळ किती पडेल ते देवालाच ठाऊक. मूठ मिटली, आणि आत गूळच नसला तर? काहीही केलं, तरी तो अंदाजच होता, आणि इतकी वर्षं ते जे करत आले, तोही अंदाजच होता, हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं. कपांची रांग डोळ्यांपुढं आली. दुसरा कप डोळ्यांपुढं आला.

त्यांनी डोळे उघडले. "मंडळी," ते म्हणाले, "मला कायबी लागंना झालंय."

गर्दीत कुजबूज झाली. उदयसिंहांचा हात पळीकडे निघालासुद्धा.

आण्णांनी पळी मागं घेतली. फेटा सरळ केला आणि बायकांच्या घोळक्याकडे वळून, घसा फुटेल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "वर्षाच्या आई! जरा हिकडं या!"

मीनाबाई खवणीवरून उठल्या. हाताला खोबरं तसंच. "काय झालं? गुडघा धरला व्हय?"

"गुडघा न्हाई. चव बगा."

"आण्णा, बायकांनी पळी धरायची चाल न्हाई आपल्यात," उदयसिंह म्हणाले.

"दुसऱ्या कपात कुणी वळखलं?" आण्णांनी विचारलं. "तुमी वळखलंसा? मी वळखलं? सगळी गल्ली बगालती की! मग खरी जीभ हितं खोबरं खवत बसलीया, आन आपुन दोघं पळीसाठी भांडालोय व्हय?"

उदयसिंहांनी पळीकडे गेलेला हात खिशात घातला.

मीनाबाईंनी पदर खोचला, पळीच्या टोकाला बोट लावून ते चाखलं. डोळे वगैरे मिटले नाहीत. "बास," त्या म्हणाल्या. "झालीया. उतरवा."

सयाजी गोंधळला. "वैनी, निम्मा गूळ अजून पोत्यात हाय की! काहिलीत नुसता माझ्या बाच्या मापाचा पडलाय. पोत्यातला आण्णांच्या बोटाचा. त्यो दरसाल येगळा काढून ठेवतो मी."

"ऱ्हाऊ दे पोत्यात," मीनाबाई म्हणाल्या आणि खवणीवर परत गेल्या.

पंगत बसली. आण्णा पहिल्या पानावर बसले होते, पण घास उचलवत नव्हता. वाढपी पुढं गेले, लोक जेवू लागले आणि बोलणं थांबलं. नेहमी पहिल्या घासाला कल्लोळ असायचा, आज नुसता भुरक्यांचा आवाज. गेली, पळी गेली, आण्णा मनात म्हणाले. मग समोरच्या रांगेतून एक म्हातारे हळूच म्हणाले, "आज गव्हाची चव लागालीया रं." बाजूचा म्हणाला, "वेलदोडाबी." आणि मग वाढप्यांची जी धावपळ उडाली, ती काहील खरवडेपर्यंत. उदयसिंहांनी चौथ्यांदा वाढून घेतलं आणि कुणी विचारलं नसताना सांगितलं, की खजिनदाराला नीट तपासावं लागतं.

आण्णांचा जीव असा हलका झाला, की ते उठून बायकांच्या पंगतीकडे गेले. तिथं भिंतीला लागून दुधाचे तांबे ठेवले होते, घराघरातून आलेले, ओळीनं. सगळे काठोकाठ भरलेले. बायकांची जेवणं होत आली होती आणि एकाही तांब्याला हात लागलेला नव्हता.

"अगं, दूध न्हाई ओतलं कुणी?" आण्णांनी मीनाबाईंना विचारलं. "आपली चाल हाय की ती! संस्थानच्या..."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीनं तोंडाला पदर लावला. मग दुसरीनं. मग सगळी रांगच हसायला लागली.

"संस्थान कुठलं घेऊन बसलाय," मीनाबाई म्हणाल्या. पण म्हणाल्या हळू. "तुमी पळी हातात घेटलीसा, तवापासनं आणतोय आमी दूध. त्याबिगर घास उतरत न्हवता कुणाच्या गळ्याखाली. तुमाला कोण सांगणार? किती खुशीत असायचासा तुमी त्या दिवशी."

आण्णा उभ्या जागी भिंतीला टेकले. लाज वाटली आणि हसूही आलं. एवढ्या वर्षांच्या लढाया, म्हशी, संस्थान, सगळं त्या ओळीत काठोकाठ भरून उभं होतं, आणि त्यांच्या एका बोटापायी सगळी गल्ली गप राहिली होती. त्यांनी मीनाबाईंचा तांब्या उचलला आणि घटाघटा दूध प्यायले.

मग एकदम थांबले. पाल्याचा अर्धा-पाऊण तास केव्हाच उलटला होता. तांब्यात वाकून बघितलं. परत एक घोट घेतला, आणि कुणी न सांगता त्यांचे डोळे मिटले.

"अगं," ते म्हणाले, "ह्यात साखर घाटलीस व्हय?"

"न्हाई."

"खरं सांग. एक चमचा तरी?"

"कणभरबी न्हाई," मीनाबाई म्हणाल्या. "दूध असंच असतंय."

आण्णांनी उजवा हात वर केला. सगळ्या बायका त्या हाताकडे बघत राहिल्या. बोट नव्हतं, मूठ मिटलेली होती.